दिव्याचा रंग

माणूस गेला की त्याच्या घरी समाचाराला जायचं, आणि माणूस मोठ्या संकटातून वाचला तरी त्याच्या घरी समाचाराला जायचं, ही आपली रीत. गेल्यावर ‘काय झालं हो नेमकं?’ असं विचारायचं आणि घरच्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगायचं, हाही त्या रीतीचाच भाग. शेतात फवारणीला ड्रोन आले, बसगाड्या चालकावाचून धावू लागल्या, तापाचं निदान मनगटावरचं घड्याळ करू लागलं, पण समाचार काही सुटला नाही. सांगली भागात तर नाहीच नाही.

त्यामुळे सिद्धोबाच्या डोंगरावर अपघात झाला त्या आठवड्यात स्वरूपा मगदूमच्या घरी चहाचं पातेलं गॅसवरून खाली उतरलं नाही.

स्वरूपा त्या डोंगराच्या रोपवेवर, खालच्या स्थानकात, यंत्र चालवायला होती. वरच्या स्थानकात दस्तगीर मुजावर असायचा. हे काम तिला शिकवलं ते त्यानंच. रोज सकाळी भाविक यायच्या आत दस्तगीर वरच्या मोठ्या चाकाला ग्रीस लावायचा, बाजूला होऊन बटण दाबायचा, आणि खाली स्वरूपाच्या समोरचा लाल दिवा हिरवा व्हायचा. मग तिनं रिकामी गाडी एकदा वर पाठवायची. असा नियम भिंतीवर लिहिलेला होता. त्या सकाळी तिनं गाडी सोडली आणि दस्तगीर चाकात सापडला. वर माणसं पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता सारा प्रश्न त्या एका दिव्यावर येऊन थांबला होता. दिवा हिरवा असेल तर दस्तगीरनं स्वतःच बटण दाबून पुन्हा चाकात हात घातला, म्हणजे चूक त्याची, आणि त्याच्या बायकोला भरपाईचा छदामही मिळणार नव्हता. दिवा लाल असेल तर चूक स्वरूपाची, आणि तिला तुरुंग ठरलेला. कंपनीकडे दिव्याची नोंद नव्हती. नोंद ठेवणारं यंत्र म्हणे पुढच्या वर्षी बसणार होतं. आपल्याकडे जे यंत्र लागतं ते नेहमी पुढच्या वर्षीच बसणार असतं.

“दिवा हिरवा हुता न्हवं नक्की?” शेजारच्या पद्माकाकींनी बशीत चहा ओतत विचारलं.

“हिरवाच होता काकी.”

“न्हाई, सकाळची उन्हं लई वंगाळ. डोळ्यावर आली की लाल काय आन् हिरवं काय. म्हणून आपलं विचारलं.”

काकी गेल्या की दुसरं कुणी यायचं. कुणी म्हणायचं, लाल-हिरव्यातला फरक तर लहान पोरालाही कळतो. कुणी म्हणायचं, रोजचं काम असलं की माणूस दिव्याकडे बघतच नाही, हात आपोआप चालतो. प्रत्येकजण आपल्या पदरचं थोडं घालून जायचा आणि स्वरूपा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. न सांगून करते काय? आलेल्या माणसाला तोंड मिटून चहा पाजला तर तो परत जाताना गावभर काय सांगेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सबनीस तीनदा आले. हे कंपनीचे कल्याण अधिकारी. दारात बूट काढून, हातात शहाळी घेऊन यायचे, आधी स्वरूपाच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करायचे. बोलणं असं मऊ की सासूबाई म्हणाल्या, माणूस असावा तर असा.

“सहज विचारतो हं ताई,” सबनीस म्हणायचे. “मनावर ताण घेऊ नका. डोळे मिटा. तो दिवा समोर आणा. हिरवा दिसतो? का थोडा लालसर? घाई नाही, नीट बघा.”

स्वरूपा डोळे मिटून नीट बघायची.

“आणि एक,” निघताना ते अभिनंदनला, तिच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगायचे. “वकीलबिकील काही करू नका. वकील केला की लोक म्हणतात चोराच्या मनात चांदणं. कंपनी आहे ना तुमच्या पाठीशी.”

अभिनंदनचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं आणि भांडण म्हटलं की त्याला घाम फुटायचा. “शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये,” तो म्हणाला. “आपण काही केलेलं नाही. मग वकील कशाला?”

स्वरूपालाही ते पटलं होतं. वकील लबाडाला लागतो, खऱ्याला कशाला लागतो, असंच तिलाही वाटत होतं. पुष्कळांना वाटतं.

मग न्यायालयाची नोटीस आली. स्वरूपाचं स्मृतिवाचन होणार होतं, तारीख पावसाळ्यानंतरची होती.

हे यंत्र येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. लोक त्याला डोकं वाचायचं यंत्र म्हणत, पण ते तसं सरसकट डोकं वाचत नसे. आपण काही पाहतो, ऐकतो, तेव्हा मेंदूतल्या काही पेशी एकमेकींशी जोडल्या जातात. ती जोडणी म्हणजेच आठवण. डोक्यावर टोप चढवून आधी त्या माणसाला हजारो चित्रं दाखवायची, आवाज ऐकवायचे, आणि त्या वेळी त्याच्या मेंदूत कोणत्या पेशी चमकतात ते यंत्रानं शिकायचं. एकदा त्या माणसाची ही लिपी यंत्राला आली, की त्याला हवा तो प्रसंग आठवायला सांगायचं. पडद्यावर चित्र उमटायचं. ते धूसर असायचं, वाफ धरलेल्या आरशासारखं, पण न्यायालयाला पुरेसं असायचं.

“हे तर बरंच झालं,” अभिनंदन म्हणाला. “यंत्र बघेल, हिरवा दिसेल, विषय संपला.”

स्वरूपाला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरहून तिची मावशी आली आणि स्वरूपा सांगायला बसली. दस्तगीर वर होता, मी खाली होते, दिवा बहुतेक हिरवा झाला आणि...

ती थांबली. हे ‘बहुतेक’ कुठून आलं? पहिल्या दिवशी ते नव्हतं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्याला धरून उभी राहिली आणि डोळे मिटले. दिवा हिरवा दिसला. मग सबनीसांचा मऊ आवाज आठवला, आणि दिवा सावकाश लाल झाला. तिनं डोळे उघडले, पुन्हा मिटले. आता तो तिला हवा तसा दिसत होता, हिरवा म्हटलं की हिरवा, लाल म्हटलं की लाल.  इतकी भीती तिला अपघाताच्या दिवशीही वाटली नव्हती. त्या दिवशी निदान तिला खरं काय ते माहीत होतं.

“अहो,” ती बाहेर येऊन अभिनंदनला म्हणाली, “मला वकील पाहिजे. आजच्या आज.”

“करायचाच तर आपल्यातला करू,” अभिनंदन म्हणाला. आपल्यातला म्हणजे शांतिनाथ चौगुले, त्याच्या चुलत बहिणीचा नवरा. सांगलीत तीन खोल्यांचं ऑफिस, दाराशी अशिलांची रांग, आणि फौजदारी कामात दबदबा असा की लोक त्यांना दाजी न म्हणता साहेबच म्हणत.

“काही काळजी करू नको,” चौगुले म्हणाले. “सुटलीसच म्हणून समज. हां, आता सांग बघू, उठलीस तिथपासून.”

तिनं सांगितलं. “छान. आता पुन्हा सांग, पण ‘वाटतं’ हा शब्द नको. ठासून बोल.” तिनं पुन्हा सांगितलं. “आता दिव्याजवळ आलीस की जरा थांबायचं आणि म्हणायचं, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. म्हण.” आयुष्यभर त्यांनी साक्षीदार असेच घोटून तयार केले होते आणि ते उभे राहिलेही होते. पण स्वरूपा प्रत्येक वेळी सांगू लागली की दिवा आणखी पुसट होत होता. तिसऱ्यांदा तर तिला तो दिसलाच नाही, नुसती चौगुल्यांची वाक्यं ऐकू आली.

“साहेब, सांगितलं की ते बदलतंय,” ती घाबरून म्हणाली.

“मनाचे खेळ.” चौगुले हसले. “असल्या गोष्टी डोक्यात घेऊ नको. ती एक बाई आहे मिरजेत, अरळीकट्टी म्हणून. तिचं असलंच खूळ. अशिलाला तोंडच उघडू देत नाही. वकील आहे का मौनीबाबांच्या मठाची प्रमुख, काही कळत नाही!”

अभिनंदन हसला. स्वरूपानं ते नाव मनात धरून ठेवलं.

अ‍ॅडव्होकेट ललिता अरळीकट्टींचं ऑफिस मिरजेला सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत, एका जिन्यावर होतं. दाराशी रांग नव्हती. पन्नाशीच्या, काटक, कपाळाला आठी पडलेल्या बाईंनी चहा विचारला नाही.

“नाव सांगा. तारीख कधीची आहे ते सांगा. अपघाताबद्दल एक शब्दही नको.”

“पण मग तुम्हाला कळणार कसं?” अभिनंदन म्हणाला.

“मला कळायची गरज नाही. न्यायालयाला कळायला हवं.” मग त्या स्वरूपाकडे वळल्या. “कणीक मळता ना तुम्ही? आठवण तशी असते. एरवी ती घट्ट पडून असते. आपण ती आठवली की काही तास मऊ होते, आणि मग मेंदू ती पुन्हा नव्यानं घट्ट करतो. त्या तासांत जो हात लावेल त्याच्या बोटांचे ठसे आत राहतात. तुमचं स्वतःचं बोलणं, दुसऱ्याचा प्रश्न, शेजारणीची शंका, सगळं त्यात मळलं जातं. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. आता यंत्राला ते दिसतंही. किती वेळा मळलं त्याचे थर दिसतात, आणि थर ठरावीक मर्यादेबाहेर गेले की न्यायालय ती आठवण बाद करतं. किती जणांना सांगितलंत?”

स्वरूपाला एकदम हसू आलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “अख्ख्या गावाला,” ती म्हणाली.

अरळीकट्टींनी तिला रडू दिलं.

“वकील कधी करायचा, हे मला सगळे विचारतात,” त्या म्हणाल्या. “पूर्वी नोटीस आल्यावर केला तरी चालायचं. आता पहिल्यांदा तोंड उघडायच्या आधी करावा लागतो. तुम्ही उशीर केलात. मी गोड बोलणार नाही.”

“केस जिंकाल का?” अभिनंदननं विचारलं.

“माहीत नाही.”

अभिनंदननं बायकोकडे पाहिलं, उठू या अशा नजरेनं. पण स्वरूपा हलली नाही. चौगुल्यांनी सुटलीसच म्हणून सांगितलं होतं आणि हातात होतं तेही घालवलं होतं. ही बाई काहीच कबूल करत नव्हती, पण उरलेलं जपायला सांगत होती. स्वरूपानं वकीलपत्र पुढे ओढून सही केली.

“आता फक्त एवढं सांगा,” अरळीकट्टी म्हणाल्या. “कुणी कुणी विचारलं आणि नेमके कोणते शब्द वापरले. तुमचं उत्तर नको.”

स्वरूपा सांगत गेली. सबनीसांपर्यंत आली तशी बाईंनी मान वर केली.

“सगळ्यांत पहिल्यांदा कुणी विचारलं?”

“सबनीसांनीच. पोलिस यायच्या आधी तेच धावत आले. हिरवा होता का लाल, असं विचारलं.”

“आणि मग पोलिसांनीही तेच विचारलं. आणि मग गावानं.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “तो माणूस तुमच्याकडे समाचाराला नव्हता आला. पेरणीला आला होता. आता घरी जा. कुणाशी बोलायचं नाही. मनातल्या मनातसुद्धा तिकडे जायचं नाही. आठवायला लागलं की पाढे म्हणा.”

पाढे म्हणा! सांगायला सोपं होतं. त्या पावसाळ्यात स्वरूपानं शाळेत म्हटले नसतील इतके पाढे म्हटले. एकोणतिसाचा पाढा तिला झोपेतही येऊ लागला. आलेल्या माणसाला ती पाऊसपाण्याचं विचारायची, आणि ‘पण नेमकं काय गं झालं?’ आलं की उठून आत जायची. लोक चहा अर्धा टाकून जाऊ लागले. मावशीनं फोन करणं बंद केलं. सासूबाई म्हणाल्या, वकिलीणबाईनं हिचं तोंड शिवलं. सबनीस पुन्हा शहाळी घेऊन आले तेव्हा तिनं दार उघडलं नाही, आणि त्यावरून सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

“मला तरी सांग,” अभिनंदन एकदा म्हणाला. “मी नवरा आहे तुझा.”

“नाही सांगणार,” ती म्हणाली. त्यानंतर तो बरेच दिवस दुकानातच जेवू लागला.

हे सगळं तिनं सोसलं. मग नसीमचा निरोप आला.

नसीम ही दस्तगीरची बायको. तिची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस, चालू होती, तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. निरोप एवढाच होता की मी येऊ शकत नाही, तू ये. दोघींच्या मुली एका वर्गात होत्या. स्वरूपाचा एकेक ब्लाऊज नसीमच्या मशीनवर शिवलेला होता. माती झाली त्या दिवशी स्वरूपा गेली होती, पण गर्दीत दोघींचं बोलणं झालं नव्हतं.

नसीमनं तिला आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

“हे बघ, मला भरपाईचं काही सांगू नको,” ती म्हणाली. “मला एवढंच सांग, दिवा कसा हुता? हिरवा असला तर माझा माणूस स्वतःच्या चुकीनं गेला. लाल असला तर तू... काय असंल ते असू दे. पण मला कळू दे. मला रातभर झोप न्हाई गं.”

स्वरूपाला वाटलं, सांगावं, निदान ‘मला आठवत नाही’ एवढं तरी सांगावं. पण तेवढं सांगायलाही तिकडे बघावं लागलं असतं. समोर नसीमचे डोळे होते, आणि या डोळ्यांसमोर काढलेली आठवण कशी मळली जाईल हे तिला कळत होतं. नसीमला जे हवं तेच तिला दिसलं असतं. ती ओठ आवळून बसून राहिली.

“बोल की.”

एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.

नसीमनं उठून दार उघडलं. “माणूस गप कधी बसतं ते मला कळतं स्वरूपा,” ती म्हणाली. “जा तू. परत येऊ नको.”

घरी येताना स्वरूपा रस्त्यानं मोठ्यानं रडत आली. कुणी बघतंय का, याचंही तिला भान नव्हतं.

स्मृतिवाचनाच्या दिवशी सकाळी न्यायालयाच्या तज्ज्ञानं आधी नुसते थर तपासले आणि अहवाल दिला. दिव्याची आठवण बाद झाली होती. इतके थर, की खालचं मूळ चित्र कुणालाच सापडणार नव्हतं.

बाहेर सबनीस उभे होते. “सुटलात ताई, सुटलात!” ते मनापासून म्हणाले. “आठवणच बाद म्हणजे पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे खटला नाही. सांगत होतो ना, कंपनी पाठीशी आहे.”

अभिनंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वरूपाला मात्र त्या माणसाच्या आनंदाची भीती वाटली. आपण सुटलो तर याला एवढं हायसं का वाटावं?

अरळीकट्टींनी तिला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. “दिव्याची आठवण आता गेलीच आहे, म्हणून मला बोलता येतं. दिवा हिरवा असता तर चूक दस्तगीरची, कंपनी सुटते. लाल असता तर चूक तुमची, कंपनी सुटते. काहीच कळलं नाही तरी कंपनी सुटते. सबनीसांना तुमच्याकडून हिरवा नको होता आणि लालही नको होता. तुम्हाला त्या प्रश्नावरून हलू द्यायचं नव्हतं, एवढंच.”

“मग खरं काय होतं?”

“मला माहीत नाही. पण सगळ्यांनी रंगच विचारला. त्या क्षणी तुमच्याभोवती आणखी पुष्कळ काही असेल, त्याबद्दल कुणी विचारलं नाही. म्हणून तुम्ही ते कधी आठवलं नाहीत आणि त्याला कुणाचा हात लागला नाही. आठवणीची ती कड अजून कोरी आहे. ती वाचता येते, पण कायद्यानं तुमची संमती लागते. आणि एकदा वाचली की जे निघेल ते निघेल. तुमच्याविरुद्ध निघालं तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही.”

“तुम्ही काय म्हणता?”

“तुमची वकील म्हणून? घरी जा.”

“घरी चल,” अभिनंदन तिचा हात धरून म्हणाला. “पाया पडतो तुझ्या. पोरीकडं बघ. कुणी पाहिलंय आत काय निघेल ते?”

स्वरूपानं समोर पाहिलं. इद्दत संपवून नसीम आली होती. मागच्या बाकावर भावाशेजारी बसली होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती. आपण घरी गेलो तर ती जन्मभर असंच दुसरीकडे बघत राहील, तिला नवऱ्याला दोष द्यावा की मैत्रिणीला हे कधीच कळणार नाही. आणि आपल्याला तरी कुठे कळणार आहे?

“मला वाचून घ्यायचंय,” ती म्हणाली.

स्मृतिकक्ष थंड होता. टोप जड होता. तज्ज्ञानं तिला दिव्याचं नावही न काढता सांगितलं, “गाडी सोडायच्या आधी तुमचे हात कुठे होते, तिथून सुरू करा. जे येईल ते येऊ द्या.”

पडद्यावर धूसर बोटं आली. यंत्राचा पत्रा आला, त्यावर पडलेलं सकाळचं पांढरं ऊन आलं. तज्ज्ञ चित्राच्या कडेकडेनं फिरत राहिला.

“दिव्याचं काय?” न्यायाधीशांनी विचारलं.

“दिवा जिथे आहे तिथे नुसते थर आहेत, साहेब. पण दिवा लागलेला असता तर त्याचा उजेड बाजूच्या पत्र्यावर, बोटांवर पडायला हवा. या भागाला कुणाचा हात लागलेला नाही. इथे लाल नाही. हिरवाही नाही. दिवा लागलेलाच नव्हता.”

कक्षात कुजबूज झाली. तज्ज्ञानं हात वर केला, कारण आता आवाज येत होता. आधी खरखर, मग वायरलेसवरचा एक दमलेला, ओळखीचा आवाज.

“वहिनी, दिवा आज परत लागंना. मी बाजूला व्हतो. दहा मोजा आन् सोडा.”

मागच्या बाकावरून नसीम उठून उभी राहिली. 

मग पडद्यातून स्वरूपाचा आवाज आला. एक, दोन, तीन, करत तो दहावर पोचला, आणि मोटार सुरू झाली.

अशी ती सगळी गोष्ट होती. दिवा अधूनमधून विझायचा. कंपनीला कळवून कळवून दोघं थकली होती. विझला की वायरलेसवर बोलायचं आणि दहा मोजून गाडी सोडायची, ही त्या दोघांची रीत पडून गेली होती. इतकी अंगवळणी, की आज चप्पल आधी कोणत्या पायात घातली हे जसं आठवत नाही तसं तेही स्वरूपाच्या ध्यानात उरलं नव्हतं. अपघाताच्या धक्क्यात पहिलाच प्रश्न आला, हिरवा का लाल? आणि तिच्या मनानं तिथे एक दिवा लावून दिला. मग अख्ख्या गावानं त्यात तेल घातलं.

अरळीकट्टी उभ्या राहिल्या. दिवा परत लागत नाही, म्हणजे तो आधीही बंद पडत होता आणि तरी कंपनी रोपवे चालवत होती, एवढं त्यांनी नोंदवून घेतलं. सबनीस कधी उठून गेले ते कुणाला कळलं नाही.

न्यायाधीशांनी एकच विचारलं. “दहा मोजायला किती वेळ घेतला, ते कळेल?”

“नाही साहेब,” तज्ज्ञ म्हणाला. “आठवणीत क्रम असतो, माप नसतं. एकामागून दोन आले हे मेंदू ठेवतो. मध्ये किती वेळ गेला, ते ठेवत नाही.”

“म्हणजे आकडे पूर्ण मोजले गेले, एवढंच म्हणता येईल.” न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि कंपनीच्या मालकांना हजर करायचा हुकूम दिला. स्वरूपाविरुद्ध कागदावर धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात अभिनंदन पाणी आणायला धावला. सासूबाईंना फोन करायचा होता, पण त्याला नंबर लागेना. स्वरूपा भिंतीला टेकून उभी होती तेवढ्यात नसीम जवळ आली. किती महिन्यांनी ती तिच्या डोळ्यांत बघत होती.

“त्यांचा आवाज ऐकला,” ती म्हणाली. तिचा चेहरा ओला होता. “तुझ्यावर उगीच संशय घेतला मी. तू दहा मोजलेस.”

“मोजले.”

नसीमनं पदरानं चेहरा पुसला. मग तिनं अगदी हळू विचारलं, “सावकाश मोजलेस न्हवं?”

अरळीकट्टी झटकन दोघींच्या मध्ये आल्या. त्यांचा तळहात स्वरूपाच्या तोंडासमोर होता. “एक शब्दही नको. अजून निकाल लागायचाय.”

बाईंचं बरोबर होतं. आजवर त्यांचं सगळंच बरोबर निघालं होतं. स्वरूपानं तो हात दोन्ही हातांनी धरला आणि हळूच खाली केला.

“नाही नसीम,” ती म्हणाली. “नेहमी भरभरच मोजायची मी. त्या दिवशी निराळं कशाला मोजलं असेन?”

अरळीकट्टींनी मान फिरवली. अभिनंदन पाण्याची बाटली घेऊन आला आणि काय झालंय हे न कळून तसाच थांबला.

 नसीमनं डोळे मिटले. तिचे ओठ हलायला लागले, तेव्हा स्वरूपाला आधी वाटलं ती दुवा मागते आहे. मग कळलं की ती मोजते आहे. ग्रीसचा डबा खाली ठेवायचा, हात पुसायचे, चाकाखालून वाकून बाहेर यायचं, असं सगळं धरून, एकेक आकडा सावकाश. दहापर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला.